छप्पर, कागद आणि शाळा : वळिवड्याच्या छावणीच्या निमित्ताने



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरविली, त्याच शाळेने आपल्या एका दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ चालविलेल्या व्याख्यानमालेत मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. गुरुजी आम्हांला मराठी आणि इतिहास हे दोन्ही विषय शिकवीत. त्यांचा एक परिपाठ होता. इतिहासाचा धडा संपला की ते पुस्तक मिटून विचारीत, "आता सांगा, यातले आपल्या रस्त्यावर काय घडले?" आपला रस्ता म्हणजे काकतीवरून जाणारा पुणे-बंगळूर हमरस्ता. धडा राणी चन्नम्मेचा असला की उत्तर सोपे असे, कारण राणीचे माहेर हेच गाव. परंतु धडा दुसऱ्या महायुद्धाचा निघाला तेव्हा वर्गात कोणालाच काही सांगता आले नाही. गुरुजींनीही उत्तर सांगितले नाही. "शोधा" एवढेच म्हणाले. त्या प्रश्नाचे उत्तर, साठ वर्षे उशिराने का होईना, आज द्यावे असा माझा मानस आहे.

विषय निर्वासितांचा आहे. ब्रह्मदेशातून जीव मुठीत धरून बांगलादेशात, थायलंडमध्ये किंवा आपल्या मिझोराम राज्यात आलेल्या लोकांच्या वार्ता आपण वाचतो, आणि हा प्रश्न दूरच्या कोणाचा तरी आहे असे समजून पान उलटतो. वस्तुस्थिती अशी की, आपल्या याच रस्त्याने उत्तरेस शंभरएक किलोमीटर गेले की कोल्हापूरजवळ वळिवडे लागते, आणि दक्षिणेस हुबळी गाठून पुढे वळले की मुंडगोड लागते. या दोन ठिकाणी मिळून तीन वेगवेगळ्या समाजांचे निर्वासित येऊन राहिले. त्यांना कसे वागविले गेले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहिले तर ब्रह्मदेशीयांचा प्रश्नही अधिक नीट कळेल, अशी माझी धारणा आहे.

भाषेचा विद्यार्थी म्हणून आरंभी शब्दांकडे पाहतो. 'निर्वासित' म्हणजे ज्याचा वास, ज्याची वस्ती काढून घेतली गेली तो. 'शरणार्थी' म्हणजे जो शरण मागतो तो. पहिला शब्द त्या मनुष्यावर काय गुदरले ते सांगतो. दुसरा शब्द तो आपल्याकडे काय मागतो ते सांगतो. आपल्या मराठीत पहिलाच शब्द रूढ झाला. त्यात दया आहे, परंतु आपल्यावर येणाऱ्या कर्तव्याचा उच्चार नाही. हा भेद मनात ठेवून आपण वळिवड्याकडे वळू.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि सतरा दिवसांच्या आत पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी स्त्रीपुरुषांना १९४० व १९४१ या दोन वर्षांत आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. पुढे हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा ३० जुलै १९४१ रोजी रशिया व लंडनमधील पोलिश परागंदा सरकार यांच्यात करार होऊन या बंदिवानांची सुटका झाली. सेनापती आन्देर्स यांनी त्यांतूनच सैन्य उभारले. १९४२ साली हे सैन्य आणि त्यासोबत हजारो स्त्रिया व मुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. एकूण संख्या एक लाखाच्या वर होती. पुरुष युद्धावर गेले. पुढे ते इटलीच्या आघाडीवर लढले, जेथे आपल्या बेळगावच्या मराठा पलटणीचे जवानही लढत होते. प्रश्न मागे राहिलेल्या बायकामुलांचा होता. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये. काहींना हिंदुस्थानात आणण्यात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांना बालाचडी येथे आश्रय दिला, ती कथा आता बरीच सर्वश्रुत आहे. मोठी छावणी मात्र आपल्या शेजारी, करवीर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ साली वसली.

कोल्हापूरच्या पूर्वेस सात-आठ किलोमीटरवर, पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहू लागली. एखाद्या मोठ्या खेड्याएवढी ही वस्ती होती, आणि ती खरोखर गावासारखीच वसविली गेली. तेथे चर्च होते, इस्पितळ होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. क्षयरोग्यांची सोय पाचगणीस केली होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे शाळा होत्या. प्राथमिक होत्या, माध्यमिकही होत्या, आणि त्या पोलिश भाषेत चालत. ज्या मुलांनी सायबेरियात भुकेने भावंडे मरताना पाहिली, ती मुले पंचगंगेकाठी बसून आपल्या भाषेतले व्याकरण आणि आपल्या देशाचा इतिहास शिकत होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. या आतिथ्याचे सर्व श्रेय आपल्याला घेता येणार नाही. राजाराम महाराजांच्या निधनानंतर करवीर संस्थान त्या वेळी रीजन्सीच्या कारभाराखाली होते. निर्णय हिंदुस्थान सरकारचा होता आणि खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारवर होता. परंतु शेजारधर्म पैशाने विकत मिळत नाही. आसपासच्या खेड्यांतील माणसे तेथे भाजीपाला, दूध, अंडी घेऊन जात. एकमेकांचे मोडकेतोडके शब्द उचलीत. त्या छावणीत वाढलेली माणसे पुढे इंग्लंड-पोलंडमधून, वृद्धापकाळी सुद्धा, कोल्हापूर पाहावयास येत राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातही एक स्मारक आहे, आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी त्याला भेट दिल्याचे आपण वाचले असेल. जी माणसे मायदेशी परतू शकली नाहीत, त्यांतील कित्येकांच्या कबरी कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

छप्पर होते, शाळा होती. मग उणे काय होते? उणा होता तो कागद. १९४५ साली युद्ध संपले, परंतु याल्टा येथे मोठ्या राष्ट्रांनी पोलंडची सीमाच सरकविली. या लोकांची गावे जागच्या जागी राहिली आणि रशियात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या शिक्क्यावर हे लोक पोलिश होते, ते सरकारच जगाच्या लेखी उरले नाही. छावणीचा भार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यसंस्थेने पेलला. थोडे लोक पोलंडला परतले. ब्रिटनने १९४७ साली खास कायदा करून पोलिश सैनिकांचे पुनर्वसन केले, त्यामुळे त्यांची कुटुंबे इंग्लंडला जाऊ शकली. इतर कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी अमेरिकेत, कोणी आफ्रिकेतील छावण्यांत गेले. १९४८ च्या आरंभी वळिवडे रिकामे झाले. आश्रय येथे मिळाला. पुनर्वसन दुसरीकडे, जेथे कागद मिळाला तेथे झाले.

आता त्याच युद्धातील दुसरे चित्र पाहा, म्हणजे पहिल्याचा अर्थ कळेल. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले आणि ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले. ब्रह्मदेशात तेव्हा लक्षावधी हिंदी लोक होते. गोदीत हमाल, गिरण्यांत मजूर, कचेऱ्यांत कारकून, दुकानदार, सावकार. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत गणला जात असे. सरकारी कागदावर एक रेघ ओढली गेली आणि हे लोक परदेशस्थ झाले. त्यांतील चार-पाच लाख माणसे आराकानच्या घाटातून, तामूवरून मणिपूरकडे किंवा हुकाँगच्या जंगलातून मायदेशी निघाली, आणि त्यांतील बहुतेकांना मोठा पल्ला पायीच तोडावा लागला. पटकी, हिवताप, उपासमार यांनी वाटेत दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत माणसे दगावली असावीत, असे निरनिराळे अंदाज आहेत. त्यातही गोऱ्यांसाठी सोयीची वाट आणि काळ्यांसाठी बिकट वाट असा भेद केला गेला. त्याचा निषेध करणारा ठराव काँग्रेसच्या महासमितीने अलाहाबाद येथे १९४२ च्या एप्रिल-मेच्या बैठकीत केला. या परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते व्हाइसरॉयच्या मंडळात त्या वेळी एका मराठी माणसाकडे, लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते, ही गोष्टही आपण विसरलो आहोत.

माझे एक चुलत आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४४ साली इंफाळच्या बाजूस गेले होते. लढाईविषयी ते फारसे बोलत नसत. एकदाच, मी कॉलेजात असताना, ते म्हणाले, "तामूच्या वाटंला झाडीत पितळंची भांडी पडलेली असायची. चूल मांडलेली असायची. माणसं न्हवती." पोलिश मुलांसाठी आपल्या शेजारी व्याकरणाचे वर्ग भरत होते, त्याच काळातील ही चूल आहे. पोलिश मुलांना मिळाले ते जास्त मिळाले, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. जे त्यांना मिळाले, ते प्रत्येक निर्वासिताला मिळावयास हवे होते. आपल्याच माणसांना ते मिळाले नाही, कारण त्यांच्या मागे खर्च उचलणारे सरकार नव्हते, आणि जे होते त्याने माणसाचा वर्ण पाहिला.

आता पुन्हा वळिवड्यास येऊ. पोलिश लोक गेले त्याच सुमारास देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून हिंदू कुटुंबे मुंबई इलाख्यात लोटली. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत त्यांची मोठी वसाहत झाली, तीच उल्हासनगर. वळिवड्याच्या रिकाम्या बराकी अशाच सिंधी कुटुंबांना मिळाल्या आणि त्या वस्तीचे नाव गांधीनगर पडले. गांधीनगर म्हटले की आपल्या सीमाभागातील प्रत्येक घराला कापडाचा बाजार आठवतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव येथून लग्नाचा बस्ता बांधावयास लोक तेथे जात आले आहेत. परंतु त्या दुकानांच्या पाठीमागील बराकींत कधीकाळी पोलिश मुले शिकत होती, हे किती जणांस ठाऊक असेल?

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तेथेच बांधला. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेन. आमच्याकडे त्या बाजाराला सरळ 'निर्वासितांचा बाजार' म्हणत. घासाघीस करता करता वडील सहज म्हणून गेले, "निर्वासितांकडं स्वस्त मिळतंय म्हणून एवढ्या लांब आलो." दुकानदार गृहस्थांनी मापाची पट्टी खाली ठेवली, गल्ल्यापाशी बसलेल्या मुलाकडे बोट दाखविले आणि आमच्याच बोलीत म्हणाले, "पावणं, निर्वासित कुणाला म्हणतासा? ह्यो पोरगा हितंच जन्मलाय की." वडील ओशाळले. पैसे देताना त्यांनी पुढे काही घासाघीस केली नाही. तो प्रसंग माझ्या मनात रुतून बसला. त्या गृहस्थांजवळ छप्पर होते, आणि या देशाचे नागरिक म्हणून कागदही होता. स्वकष्टाने त्यांनी व्यापार उभा केला होता. तरीही आमच्या तोंडी ते निर्वासितच होते. आणि हा कागद कोणत्याही सरकारला देता येत नाही, तो शेजाऱ्यानेच द्यावयाचा असतो.

या समाजाला तिसऱ्या गोष्टीची किंमत मात्र मोजावी लागली. सिंधी भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही. १९६७ साली घटनादुरुस्ती होऊन ती आठव्या परिशिष्टात समाविष्ट झाली, परंतु परिशिष्टात स्थान मिळाले म्हणून घराघरांत वाचन टिकते असे नाही. मुले मराठी, हिंदी, इंग्रजी शाळांतून शिकली आणि आजोबांचे पत्र वाचता न येणारी पिढी तयार झाली. आपण सीमाभागातील माणसे, शाळेच्या भाषेचे मोल आपल्याला वेगळे सांगावयास नको.

आता रस्त्याच्या दक्षिण टोकास जाऊ. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आरंभी त्यांना डोंगराळ भागात रस्ते बांधण्याच्या कामावर जुंपावे लागले. त्यांच्यासाठी जमीन देण्याचे आवाहन पंतप्रधान नेहरूंनी राज्यांना केले, तेव्हा सर्वांत मोठा प्रतिसाद त्या वेळच्या म्हैसूर राज्याने दिला. प्रथम बैलकुप्पे येथे आणि १९६६ साली उत्तर कन्नडमधील मुंडगोड येथे वसाहत झाली. मुंडगोडला सुमारे चार हजार एकर जंगलजमीन मिळाली. थंड पठारावरची माणसे उष्ण, दमट रानात येऊन झाडे तोडू लागली, मका-भात पिकवू लागली. गांदेन व ड्रेपुंग या ल्हासाजवळच्या पुरातन विद्यापीठांची तेथे पुनःस्थापना झाली. तिबेटी मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९६१ सालीच स्वतंत्र प्रशासन नेमले होते. हिवाळ्यात आपल्याकडील शहरांत लोकरी स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाया बसत, त्यांतील पुष्कळशा अशाच वसाहतींतून येत.

मुंडगोडला छप्पर मिळाले, जमीन मिळाली, शाळा मिळाली आणि ती भाषेसह मिळाली. जगात अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि कर्नाटकाच्या या औदार्याबद्दल आपण मोकळेपणाने कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. कागदाचा प्रश्न मात्र तेथे शिल्लक राहिला. जमीन वहिवाटीस मिळाली, मालकीची नाही. नोंदणीपत्राचे नूतनीकरण पुन्हा पुन्हा करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले. परंतु नागरिकत्व घेतले तर आपण तिबेटी उरू का, ही विवंचना त्यांच्यातीलच अनेकांना आहे.

असे हे तीन समाज. पोलिश लोकांना छप्पर व शाळा मिळाली, कागद मिळाला नाही. सिंध्यांना छप्पर व कागद मिळाला, भाषेची शाळा टिकली नाही. तिबेट्यांना छप्पर व शाळा मिळाली, कागद अर्धा मिळाला. छप्पर तेवढे तिघांनाही मिळाले. कारण ते देणे सर्वांत सोपे असते. दयेने छप्पर मिळते. कागद आणि शाळा मात्र न्यायबुद्धी असल्याशिवाय मिळत नाहीत.

हीच तीन मापे लावून आता ब्रह्मदेशाकडे पाहा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. स्वतः गरीब असलेल्या त्या देशाने त्यांना जागा दिली, हे थोर कृत्य होय. परंतु ही छप्परे कायमची वाटू नयेत म्हणून ती बांबूची व ताडपत्रीचीच ठेवण्यात आली. बांगला भाषेतील राष्ट्रीय अभ्यासक्रम त्यांच्या मुलांना बंद राहिला, आणि ब्रह्मदेशाचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष सुरू होण्यास २०२१ साल संपत आले. कागद त्यांना मूळ देशानेच १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने नाकारलेला होता. थायलंडच्या सरहद्दीवर १९८४ पासून करेन व इतर जमातींच्या लोकांच्या छावण्या आहेत. तेथून २००५ नंतर एक लाखाहून अधिक माणसे अमेरिका व अन्य देशांत कायमची वसविली गेली. परंतु जवळजवळ तेवढीच मागे राहिली. छावणीबाहेर कायदेशीरपणे मजुरीस जाण्याची मुभा थायलंडच्या मंत्रिमंडळाने त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये दिली. म्हणजे पहिल्या छावणीत जन्मलेले मूल चाळिशी ओलांडून गेले, तेव्हा कोठे त्याला उघडपणे घाम गाळण्याचा हक्क मिळाला. आणि मिझोराममध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर आलेल्या चिन लोकांना तेथील जनतेने आपले सगेसोयरे मानून घरात घेतले, मुलांना शाळेत घेतले. कागदाविषयी मात्र भारताचे धोरण एकसारखे नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारत, बांगलादेश वा थायलंड यांपैकी कोणाचीही स्वाक्षरी नाही. प्रत्येक समाजाला वेगळे माप लागते ते त्यामुळे.

विद्यार्थिमित्रहो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले गावही न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. तुलना मर्यादेतच केली पाहिजे. आपले घर, शेत, नागरिकत्व यांतील काहीच गेले नाही. आपण निर्वासित नाही. परंतु शाळेची भाषा आणि कचेरीतील कागद ही माणसाच्या जिवाशी निगडित असलेली गोष्ट आहे, हे आपल्याला इतरांहून थोडे अधिक कळते. ज्याला एखादे दुःख थोडेसे कळते, त्याच्यावर ते दुसऱ्याच्या ठायी ओळखण्याचे ऋण असते. आपल्या मागण्या आपण अवश्य मांडाव्यात. परंतु आपल्या दारी आलेल्या माणसाला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो, तिकडेही लक्ष असू द्यावे. बस्त्याच्या त्या दुकानात माझ्या वडिलांना जे कळले, ते मला पुस्तकांतून कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

गुरुजींनी विचारले होते, महायुद्धातले आपल्या रस्त्यावर काय घडले? गुरुजी, पोलंडमधील पाच हजार माणसे आपल्या रस्त्यावर पाच वर्षे राहून गेली. त्यांच्या बराकींत सिंधी आले आणि ते आपलेच झाले. आणि आपल्या पलटणीतील एका शिपायाने तामूच्या वाटेवर विझलेली चूल पाहिली. पुढील वेळी तुम्ही गांधीनगरला बस्ता बांधावयास जाल, तेव्हा दुकानातून बाहेर पडून मागल्या बाजूस जुन्या बराकींच्या खुणा उरल्या आहेत का ते अवश्य पाहा, आणि सोबतच्या लहानग्यास तेथे कोण राहून गेले ते सांगा.